मामांची नजर आणि टेम्परेचर गन

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी आयटीआय करून दीड वर्षापूर्वी नाशिकच्या अंबडमधल्या एका लहान हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये, म्हणजे पोलादाचे भाग तापवून कडक करतात तिथे, लागलो. घर निफाड तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग आहे. नोकरी सख्ख्या मामांनी लावून दिली. ते तिथे २७ वर्षं भट्टीवर आहेत. भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे आतलं तापमान मोजणारा सेन्सर, कधीचा बिघडलाय. मामा दार उघडून जॉबच्या, म्हणजे आत तापत असलेल्या भागाच्या, रंगाकडे बघतात आणि सांगतात, ‘आला’ किंवा ‘अजून थांब’. दिवाळीनंतर रात्रपाळीचा एक लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला, हार्डनेस कमी भरला. मालकांनी टेम्परेचर गन आणली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. मामा ज्याला ८३० म्हणतात त्याला गन ७४० दाखवते. मामा म्हणतात, गन खोटं बोलते. ते एका लग्नाला गावी गेले तेव्हा मी जॉब बाहेर ओढून गनवर ८४० येईपर्यंत तापवले आणि पाण्यात टाकले. सहा जॉबना तडे गेले. मामांनी परत आल्यावर ते तुकडे पाहिले, काही बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. आई मलाच रागावते. तापलेलं लोखंड मुळात उजेड का देतं? त्या रंगावर किती विश्वास ठेवायचा? निळा सगळ्यात गरम असतो असं वाचलंय, पण टेम्परिंगला, म्हणजे कडक केलेला जॉब पुन्हा बेताने तापवताना, मामा ‘निळा आला की काढ’ म्हणतात तेव्हा ३०० अंशच असतात. हे कसं? आणि मामांशी बोलणं कसं सुरू करू?

– एक भाचा, अंबड

चिरंजीव भाच्या, आशीर्वाद.

तू आधी लोखंड विचारलंस आणि मग मामा. मीही त्याच क्रमाने जाते, कारण लोखंडाचं नीट कळलं की मामांशी काय बोलायचं ते तुझं तुलाच सुचेल.

मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण हा विषय मला वर्गात कळलेला नाही. तो जुन्या नाशकातल्या तांबट आळीत, वडिलांच्या भट्टीपाशी कळला. अण्णा तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. तांबं ठोकून ठोकून कडक होतं आणि मग फुटायला बघतं. म्हणून मधूनमधून ते भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ पडतं. (पोलादाचं उलटं, ते लाल करून बुडवलं की कडक होतं. तुझा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.) भांडं भट्टीत घालण्याआधी अण्णा खिडकीवर गोणपाट सोडायचे. मला बघायचं असेल तर म्हणायचे, ‘आधी पाच मिनिटं अंधारात बस. डोळे मुरू दे.’ मग त्या काळोखात भांड्याच्या बुडाशी काहीतरी तांबूस हललंय असं वाटायचं, आणि वाटतंय तोवर ते खरंच लाल झालेलं असायचं.

तो लाल रंग नक्की कुठे सुरू होतो? तो कुठेही सुरू होत नाही. तांबं थंड असतानाही उजेड देतच असतं. तूही देतोस, मीही देते, तुमच्या बागेतली द्राक्षाची पानंसुद्धा देतात.

कुठल्याही वस्तूत अणू थरथरत असतात, आणि वस्तू जितकी गरम तितकी ही थरथर जोराची. अणूंच्या पोटात विद्युतभार असतो आणि हलणारा विद्युतभार विद्युतचुंबकीय लहरी सोडतो. उजेड म्हणजे अशाच लहरी, फक्त आपल्या डोळ्यांना कळणाऱ्या. आपल्या शरीराच्या तापमानाला ज्या लहरी निघतात त्या डोळ्यांना दिसणाऱ्या लहरींपेक्षा पंधरा-वीसपट लांब असतात. त्यांना अवरक्त म्हणतात. कोरोनाच्या काळात दारोदार कपाळावर रोखली जायची ती गन हाच उजेड मोजत होती, तुझी गनही तेच करते.

निफाडच्या थंडीचं तुला मी सांगायला नको. पारा पाचच्या खाली गेला की बागांतून शेकोट्या पेटतात. पण एक गोष्ट आठवून बघ. ढगाळ रात्री कधी इतकी थंडी पडते का? पडते ती आभाळ स्वच्छ असताना, चांदण्या लखलखत असताना. कारण पानं आणि माती रात्रभर आकाशात अवरक्त उजेड ओतत असतात. ५ अंशांना एक चौरस मीटर जमीन सुमारे ३४० वॅट बाहेर टाकते. वर ढग असला तर तो त्यातला बराच परत पाठवतो. आभाळ मोकळं असेल तर गेलं ते गेलं, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. तुझ्या वडिलांनी कधी धूर जास्त व्हावा म्हणून ओला पाला टाकला असेल तर त्यांना सांग, बाग वाचते ती जाळाच्या उबेने. धुराचे कण इतके बारीक असतात की त्या लांब लहरी त्यांना फारशा जुमानत नाहीत.

तर भट्टीतला जॉब आणि बागेतलं पान, दोघांचं काम एकच चालू आहे. मग जॉबच लाल का दिसतो, आणि पहिला लालच का? निळा किंवा हिरवा का नाही?

हा प्रश्न साधा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भल्याभल्यांचं गणित इथे अडलं होतं. त्या काळच्या नियमांनी हिशेब केला तर कोणत्याही गरम वस्तूने निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा उजेड अपरंपार द्यायला हवा होता. प्रत्यक्षात तसं होत नाही. बर्लिनच्या सरकारी प्रयोगशाळेत तेव्हा तापलेल्या पोकळीतून येणारा उजेड फार काटेकोर मोजला जात होता. दिव्यांच्या उजेडाचं प्रमाण ठरवायचं, हेही त्यामागचं एक कारण होतं. त्या मोजमापांशी जुळणारं सूत्र माक्स प्लांक यांनी १९०० साली मांडलं. ते जुळवण्यासाठी त्यांना मानावं लागलं की ऊर्जा सलग धारेसारखी दिली जात नाही, ती ठरावीक पुड्यांमध्येच दिली जाते. लाल उजेडाची पुडी लहान, निळ्याची मोठी.

आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात, म्हणून नोटांवरून सांगते. समज, लाल उजेड म्हणजे मोठी नोट आणि निळा म्हणजे तिच्याहून मोठी, आणि कुणालाही सुटे देण्याची मुभा नाही. पूर्ण नोट जमली तरच खर्च करायची. तापमान म्हणजे प्रत्येक अणूची सरासरी कमाई. सव्वापाचशे अंशांच्या आसपास एक लाल नोट म्हणजे या सरासरी कमाईच्या पंचवीसपटींहून थोडी जास्त रक्कम आणि निळी नोट म्हणजे चाळीसपट. इतके पैसे एका वेळी एकाच्या हातात येणं दुर्मीळ, पण जॉबमध्ये अणू अगणित आहेत. म्हणून थोड्यांना का होईना, लाल नोट जमते. निळी जमवणारे त्यांच्या तुलनेत लाखांत एकही नसतात. बाकी सगळे चिल्लर खर्च करत असतात, म्हणजे अवरक्त उजेड देत असतात. तो तुला दिसत नाही, पण तोंडावर धग लागते ती त्याचीच.

आता तुझ्या कामाची गोष्ट. ५२५ अंशांवरून जॉब ८२५ वर गेला की त्यातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा साडेतीनपटींच्या आसपास वाढते. पण त्यातला गडद लाल उजेड हजारपटींच्या आसपास वाढतो! सरासरी कमाई थोडी वाढली की मोठ्या नोटा जमवणारे एकदम वाढतात, तसं. आणि ८२५ च्या जवळ तापमान नुसतं २० अंश वाढलं तरी तो लाल उजेड सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. हे आकडे मी तुझं पत्र समोर ठेवून पुन्हा एकदा करून पाहिले. ४० टक्क्यांचा फरक माणसाच्या डोळ्याला कळतो. मामा दार उघडून ‘अजून थांब’ म्हणतात ते अंदाजपंचे नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर निसर्गाने फार तिखट मोजपट्टी ठेवली आहे आणि ती वाचायला ते २७ वर्षं शिकत आले आहेत. हे मी तुला समजूत घालायला सांगत नाही, गणितच तसं आहे.

ही मोजपट्टी सगळ्या धातूंना एकच लागते, हेही आधी भट्टीवाल्यांच्याच लक्षात आलं. इंग्लंडमधल्या नामांकित कुंभार घराण्यातले थॉमस वेजवूड यांनी १७९२ मध्ये नोंदवलं होतं की वेगवेगळे पदार्थ लाल व्हायला लागतात ते साधारण एकाच तापमानाला. पुढे १८४७ मध्ये जॉन ड्रेपर यांनी तो आकडा ५२५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठरवला. आपल्याकडच्या माणसाचाही यात मोठा वाटा आहे. प्लांक यांचं सूत्र जुन्या नियमांची कुबडी न घेता कसं मिळवायचं, हे १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्यात बसून दाखवलं. त्यांनी तो लेख आइनस्टाइनना पाठवला आणि आइनस्टाइननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून छापून आणला.

आता मामांचं कुठे चुकलं ते सांगते, कारण चुकलं आहे.

अण्णांच्या भट्टीवर एकदा ट्यूबलाइट आली. सगळे खूश. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी पितळेचे गडू लाल करायला घातले आणि लाली दिसेना म्हणून ठेवले तसेच. मग पांढरा धूर निघाला. पितळेतलं जस्त ९०० च्या थोडं वर उकळतं, तोच तो धूर. दोन गडूंचे काठ लोळागोळा होऊन खाली बसले. अण्णांची नजर तीच होती, पण भोवतीचा उजेड बदलला आणि नजरेचं माप सरकलं. भर उजेडात बारीक लाली दिसतच नाही. काळोखात तीच लाली डोळे दिपवते.

तुमचा परत आलेला लॉट रात्रपाळीचा होता ना? मला वाटतं, तिथेच सगळं आहे. मामांची नजर दिवसाच्या शेडमध्ये तयार झालेली. रात्री शेडमध्ये एखादा दिवा असेल, डोळे अंधाराला सरावलेले असतील, तर ७८० चा जॉबही ८३० सारखा झगझगीत दिसणार. लवकर काढला, पाण्यात टाकला, हार्डनेस भरला नाही. यात मामांचा निष्काळजीपणा नाही. पण नजरेवर काम करणाऱ्याने उजेड सांभाळायलाच हवा, आणि तो कुणी सांभाळला नाही.

तुझी गन खोटी नाही, पण तिला जे सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही. एकाच तापमानाला सगळ्या वस्तू सारखा उजेड देत नाहीत. काळा खरबरीत पृष्ठभाग भरपूर देतो, चकचकीत पृष्ठभाग कमी देतो. जी वस्तू उजेड चांगला पिते तीच चांगला ओकते. हा नियम गुस्टाव किर्खहॉफ यांनी १८५९ च्या सुमारास मांडला. गनमध्ये या गुणाचा एक आकडा भरलेला असतो, त्याला एमिसिव्हिटी म्हणतात. पुष्कळ गनांमध्ये तो ०.९५ ठेवलेला असतो. माणसाच्या कातडीला तो जवळपास चालून जातो, कातडी कुठल्याही रंगाची असो. पण खवल (वरचा ऑक्साइडचा पापुद्रा) धरलेल्या पोलादाला तो ०.८ च्या आसपास हवा, आणि नुकत्याच मशीन केलेल्या चकचकीत जॉबला त्याच्या निम्म्याहूनही कमी. समज, जॉब खरोखर ८२५ ला आहे, त्याचा आकडा ०.८ आहे आणि गन ०.९५ वर अडकलेली आहे. नेहमीच्या लांब लहरींच्या गनवर मग साधारण ७३५ दिसेल. मामांचे ८३० आणि तुझे ७४०, यांतलं अंतर आलं लक्षात?

त्याच हिशेबाने, तू गनवर ८४० आणले तेव्हा जॉब ९५० च्या आसपास पोचला असणार. तू स्टील कोणतं ते लिहिलं नाहीस. तुमच्याकडे येतं तसं ईएन-८ जातीचं पोलाद असेल तर त्याला ८३० ते ८६० पुरतात. ९५० ला त्याचे कण मोठे होतात आणि तसं पाण्यात टाकलं की तडा जाणं नवलाचं नाही.

गनचं आणखी एक बघ. तिच्यावर बारास एक, वीसास एक असं प्रमाण लिहिलेलं असतं. बारास एक असेल तर दोन मीटरवरून ती १७ सेंटिमीटर रुंद वर्तुळाची सरासरी मोजते. जॉब पाच सेंटिमीटरचा असेल तर तू निम्म्याहून जास्त फरशी मोजत होतास. लाल ठिपका दिसतो म्हणून ती फक्त ठिपक्याचं तापमान घेते, असा पुष्कळांचा समज असतो. तो ठिपका नुसता नेम दाखवण्यापुरता असतो. शिवाय जॉब बाहेर ओढला की वरचा खवल सुटतो, गार पडतो आणि गन त्यालाच वाचते.

निळ्याबद्दल तू विचारलंस ते मला फार आवडलं. दोन निळे आहेत आणि ते एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्राकडे बघ. त्यातला काक्षी हा तारा तांबूस दिसतो, त्याचा पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या घरात आहे. राजन्य हा तारा निळसर पांढरा आहे, कारण तो दहा हजारांच्याही पुढे आहे. तिथे निळ्या नोटा जमतात. तू वाचलंस ते या निळ्याबद्दल. भट्टीत तो तुला कधीच दिसणार नाही. पोलाद त्याआधी वितळून, उकळून गेलेलं असेल. टेम्परिंगचा निळा म्हणजे घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर चढणारी ऑक्साइडची अतिशय पातळ साय. पाण्यावर रॉकेल सांडलं की जसे रंग दिसतात तसाच तो प्रकार. साय जाड होत जाते तसा रंग बदलतो, २२० ला गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. तो रंग बघायला बाहेरचा उजेड लागतो. दिवा घालव, निळा नाहीसा होईल. लाल मात्र अंधारात अधिक उठून दिसेल. स्वतःचा उजेड कोणता आणि परतवलेला कोणता हे ओळखायची याहून सोपी परीक्षा मला ठाऊक नाही. गॅसची निळी ज्योत आणखी तिसरीच, ती जळणाऱ्या वायूच्या रेणूंची आपापली छटा आहे. गॅस पिवळा जळायला लागला तर मात्र ते काजळीचे कण तापून लाल-पिवळे होत असतात, आणि पातेल्याचं बूड काळं होतं ते त्यांच्यामुळेच.

आता मामा.

तुला वाटतंय की ते तडे गेलेल्या जॉबमुळे रागावलेत. मला तसं वाटत नाही. ज्याने २७ वर्षं भट्टी सांभाळली त्याच्या हाताखालचा एक लॉट परत आला, ते त्याला आधीच लागलेलं होतं. त्याच वेळी मालकांनी गन आणून सगळ्यांसमोर त्याच्याच भाच्याच्या हाती दिली. त्यात तुझा दोष नाही. पण तू ती घेतलीस आणि मामा नसताना त्यांच्या भट्टीवर चालवलीस. जाण्याआधी ‘मामा, रंग कुठवर आणू?’ एवढं विचारलं असतंस तर ते सहा जॉब वाचले असते. म्हणून माफी मागायची ती याची माग, तड्यांची नको.

शॉपमध्ये चारचौघांत मागू नकोस. घरी जा, मामींना आधी कळव म्हणजे मामा घरी असतील. तडा गेलेला एक तुकडा खिशात ने. मोडलेली बाजू त्यांच्यासमोर धर आणि विचार, ‘मामा, हा किती तापला होता?’ त्यांना ते वाचता येत असणार. मोडल्यावर आतला दाणा बारीक, राखाडी, मखमली दिसला तर तापमान योग्य होतं. साखरेसारखा चमकणारा भरड दाणा दिसला तर जास्त झालं. जुने लोहार यावरूनच विळ्या-कोयत्यांचं पाणी ओळखतात. ते सांगतील, ‘फार तापवलास रे.’ तेव्हा तू सांग की गन तेव्हा ८४० दाखवत होती आणि ती का चुकली. तुम्ही दोघं एका बाजूला याल आणि चुकीचा आकडा दुसऱ्या बाजूला राहील.

आणखी एक विचार त्यांना, मला उत्तर ऐकायची उत्सुकता आहे. भट्टी सगळीकडून सारखी तापली की आतला जॉब दिसेनासा होतो का? होत असणार. भिंत, फरशी आणि जॉब एकाच तापमानाला आले की कुणी कुणापेक्षा उजळ राहत नाही. काळा असो की चकचकीत, जॉब जेवढा उजेड स्वतः कमी देतो तेवढाच भिंतींकडून आलेला परतवतो, आणि कडा विरघळून जातात. किर्खहॉफ यांनी कागदावर मांडलं ते हेच, आणि प्लांक यांच्या काळात बर्लिनमध्ये ज्या पोकळीतला उजेड मोजला तीही अशीच एक छोटी भट्टी होती. मामा याला काय म्हणतात ते विचार. जॉब हरवला म्हणजे त्याची कातडी भट्टीइतकी तापली, एवढं नक्की. आतपर्यंत उष्णता पोचायला ढोबळ मानाने दर इंचाच्या जाडीला एक तास धरतात, तो वेळ वेगळा द्यायलाच हवा.

मग दोघं मिळून मालकांकडे जा आणि भट्टीचा थर्मोकपल बदलून मागा. के टाइपचा थर्मोकपल फार महाग नसतो, परत आलेल्या एका लॉटपेक्षा तर नक्कीच स्वस्त पडेल. तो आला की भंगारातल्या एका जॉबला भोक पाडून त्याचं टोक आत बसवा. भट्टी हळूहळू चढवा. ६५० पासून पुढे दर २५ अंशांना मामांना रंग विचार आणि त्यांचाच शब्द वहीत लिही. ते काळपट, कुंकवासारखा, शेंदरी, झेंडूसारखा, जे म्हणतील ते. शेजारी थर्मोकपलचा आकडा आणि गनचा आकडा. गनवर एमिसिव्हिटी बदलायची सोय असेल तर दोन्ही आकडे जुळेपर्यंत ती कमी करत जा. सोय नसेल तर वहीतला फरक हीच तुमची दुरुस्ती. हाच खेळ एकदा दुपारी आणि एकदा रात्री करा. मामांचा तोच शब्द रात्री किती अंशांनी खाली उतरतो ते त्यांना स्वतःला दिसेल, कुणी सांगावं लागणार नाही.

हाताशी काहीच नसेल त्या दिवसासाठी एक लोहचुंबक लांब सळीला बांधून ठेवा. पोलाद ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं सोडतं. त्या क्षणाचा रंग मामांना नीट बघू दे. तिथून आणखी साठ ते ऐंशी अंश वर, म्हणजे तुमचं काम.

आणि एक काळजीची गोष्ट, ही टाळू नकोस. भट्टीतून दिसणाऱ्या उजेडापेक्षा न दिसणारा उजेड कितीतरी पट जास्त असतो आणि तो वर्षानुवर्षं डोळ्यांत जातो. काचेच्या भट्टीवरच्या कामगारांना यामुळे मोतीबिंदू होतो हे वैद्यकाला शंभराहून जास्त वर्षांपासून ठाऊक आहे. मामांनी २७ वर्षं उघड्या डोळ्यांनी बघितलं आहे. त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे तू स्वतः घेऊन जा आणि भट्टीवर काम करतात हे डॉक्टरांना आवर्जून सांग. दोघांनाही अवरक्त अडवणारा भट्टीचा चष्मा हवा, साधा गॉगल चालणार नाही. चष्म्यातून रंग निराळे दिसतील, मामा कुरकुरतील. म्हणून वहीतला तो खेळ चष्मा लावूनच करा, म्हणजे त्यांचे शब्द पहिल्यापासून त्या काचेतून बसतील.

शेडचं दार पश्चिमेला आहे का, ते तू लिहिलं नाहीस. असेल तर दुपारी चारनंतर ऊन थेट भट्टीच्या तोंडावर येत असणार. तिथे जाड पडदा लावा, आणि रात्री भट्टीच्या मागे रोज एकच दिवा, एकाच जागी ठेवा. अण्णांनी ती ट्यूब काढली नाही. बाकीच्या कामाला ती लागायची. भट्टीच्या वेळी तेवढी बंद करायचे आणि गोणपाट खाली सोडायचे.